बरणीतलं हाड

"बुडालं! बुडालं!"

पत्र्याच्या शेडमधली शे-दीडशे माणसं एकदम ओरडली. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून थेट जमिनीला कपाळ टेकवलं. मागच्या बाया दिसत नाही म्हणून गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि त्यांच्याही मागच्या बाया "बसा की खाली, आमाला दिसंना" म्हणून त्यांचे पदर ओढू लागल्या.

चौरंगावर काचेची उंच बरणी होती. पाण्यानं तोंडोतोंड भरलेली, तोंडावर चामडं ताणून दोरीनं करकचून आवळलेलं. आत करंगळीएवढं पांढरं हाड. घटकेपूर्वी ते वर तरंगत होतं. अस्थीनाथ महाराजांनी चामड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, घशातून एक घुमारा काढला आणि हाड सरळ तळाला गेलं.

"पोकळ व्हतं तवर तरंगत व्हतं," महाराज म्हणाले. "आता भरलं! जे बरणीतल्या हाडाचं झालं तेच या आवडाबाईच्या हाडाचं झालं. घराचे वासे वाळवीनं खाल्ले तर घर पडतं का नाय? मग डाक्टर काय करतो? वाळवी लागल्याल्या वाशाला वरून चुना फासतो. आपुन चुना फासत नाय. आपुन वासा भरतो. वज्रानं भरतो!"

"आन् वर आलं तर, महाराज?" कुणीतरी विचारलं.

"वर आलं तर समजायचं, मान्साच्या मनात शंका हाय." महाराजांनी तळवा उचलला. हाड हळूहळू वर आलं. त्यांनी समोर बसलेल्या आवडाबाईकडं रोखून पाहिलं. "आली ना शंका?"

सत्तरीतली आवडाबाई हात जोडून म्हणाली, "आली आसंल, बाप्पा. चुकले मी."

"आजून पाच गुरुवार."

शेडच्या शेवटच्या खांबाला टेकून मनकर्णाबाई हे सगळं पाहत होती आणि दातओठ खात होती. देवगाव रंगारीच्या शाळेत एकतीस वर्षं तिनं विज्ञान शिकवलं होतं. या गर्दीतल्या निम्म्या लोकांना दाब, घनता, तरंगणं, बुडणं तिनंच फळ्यावर काढून दाखवलं होतं. ती माणसं आता हात जोडून बसली होती. महाराजांपेक्षा तिला त्यांचाच जास्त राग येत होता.

ती इथं आली होती बानाबाईसाठी. बानाबाई तिची लहानपणची मैत्रीण, धनगराची लेक आणि धनगराचीच सून. उभा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं चालण्यात गेलेला, पायाला भिंगरी. त्या जूनमध्ये तिनं शेणाची पाटी उचलली आणि पाठीत कट्कन वाजलं. त्यानंतर तिला उठता येईना, बसता येईना, शिंकही सोसवेना. मनकर्णाबाईनं तिला औरंगाबादला डॉक्टर कस्तुरेबाईंकडं नेलं. दोन वर्षांपूर्वी मनकर्णाबाईचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती स्वतः त्यांचाच इलाज घेत होती.

कस्तुरेबाईंनी पाठीचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता. मण्यांच्या उतरंडीत एक मणी चेपून पाचरीसारखा झालेला. मग हाडांची घनता मोजायच्या यंत्राखाली तपासणी झाली आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं, "आजी, पाटी जड होती म्हणून मणका नाही दबला. हाडं आतून विरळ झालीत म्हणून दबला. दुखणं दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरेल, पण हाडं तशीच राहतील. इलाज केला नाही तर पुढचा नंबर खुब्याचा." बानाबाईला पित्ताचा जुना त्रास, त्यामुळं तिला मनकर्णाबाईसारख्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या चालणार नव्हत्या. तिला वर्षातून एकदा सलाईनमधून औषध द्यायचं ठरलं. त्याआधी काही आठवडे कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व घेऊन अंगातली कमतरता भरून काढायची होती.

त्याच आठवड्यांत कुणीतरी बानाबाईला या शेडचा रस्ता दाखवला.

"पुढची माय!" महाराजांचा चेला ओरडला. "कागदं घेऊन या!"

बानाबाई शेजारणीचा खांदा धरून कण्हत उठली. हातात दवाखान्याची पिशवी होती. शेडच्या मधोमध धुनी पेटलेली होती. महाराजांनी पिशवी हातात घेतली आणि ती उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"हे काय हाय? भीती हाय, माय, भीती! डाक्टरांची दुकानदारी भीतीवर चालती. 'खुबा मोडंल, लोळागोळा व्हशील!' आसंच म्हनला ना? टाक धुनीत!"

"बाना, थांब!" मनकर्णाबाई खांबापासून पुढं धावली.

उशीर झाला होता; बानाबाईनं पिशवीत हात घालून फोटो धुनीत टाकला होता. फोटोची फिल्म आधी वाकली, मग फसफसून काळी पडली आणि शेडभर घाण वास सुटला. पाठोपाठ कॅल्शियमची पाकिटं गेली. लोकांनी जयजयकार केला. मनकर्णाबाईला असं वाटलं, की या माणसाला त्याच धुनीतलं लाकूड घेऊन बडवावं. तिनं तसं केलं नाही, याची तिला पुढं कित्येक दिवस चुटपुट लागली होती.

महाराजांनी बानाबाईच्या ओंजळीत राखाडी भस्माच्या पुड्या ठेवल्या. "वज्रभस्म. सकाळी एक, सांजेला एक. पान्यासंगं गिळायचं. कुनाला इचारायचं नाय, कुनाला दाखवायचं नाय."

चार दिवसांनी मनकर्णाबाई बानाबाईच्या घरी गेली. सोबत पाण्याची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून नेली होती. आत पेनाचं एक टोपण तरंगत होतं, टोकाला कणकेचा गोळा लावलेलं.

"हे बघ," म्हणत तिनं बाटली दोन्ही हातांनी दाबली. टोपण खाली गेलं. सोडली, वर आलं. "टोपणात हवा आहे. बाटली दाबली की पाणी आत शिरतं, हवा आकसते, टोपण जड होतं. दाब काढला की हवा पाण्याला बाहेर ढकलते. तुझ्या महाराजाचं हाड कोंबडीच्या नळीचं आहे. आतून पोकळ, एक तोंड मेणाबिणानं बंद केलेलं असणार. तो चामड्यावर तळवा ठेवतो ना, तो आशीर्वाद नाही. तो दाबतो!"

बानाबाईनं बाटली हातात घेतली, दोनदा दाबून पाहिली आणि खाली ठेवली.

"खेळनं चांगलं हाय," ती म्हणाली. मग एकदम उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवला, मान वळवली, खाली वाकून पायपुसणं उचललं. "आता हे सांग. आठ दिवसांमागं मला कूस बदलता येत नव्हती. तुह्या डाक्टरीनबाईनं काय केलं? फोटू काढला! त्या बाबाच्या चार दिसांच्या पुड्यांनी मी उठले. त्येची बरनी खोटी आसंल. महं उठनं खोटं हाय का?"

एकतीस वर्षांत वर्गात असा सवाल मनकर्णाबाईला कुणी टाकला नव्हता.

"मला त्यातली एक पुडी दे," एवढंच ती म्हणाली.

"नाय. कुनाला दाखवायची नाय." बानाबाईचा आवाज चढला. "तुला महं बरं झाल्यालं बघवंना का, मनकर्णा? तुहं मनगट आजून ठनकतंय म्हनून?"

त्यानंतर तीन महिने दोघींचं बोलणं बंद होतं.

पण गाव लहान, डोळे मिटून चालता येत नाही. बानाबाई रस्त्यानं जाताना मनकर्णाबाईला दिसायची. तिचं तोंड गोल गरगरीत झालं होतं. गाव म्हणे, बाबाच्या भस्मानं बाई भरली. मनकर्णाबाईला मात्र खटकलं, की तोंड भरलं तरी हातपाय काड्यांसारखे कसे? दंडावर निळेकाळे डाग कशाचे? बानाबाईची सून सांगायची, सासूबाई एका बसणीला चार भाकरी खातात आणि पुन्हा भूक भूक करतात. आवडाबाईचंही तोंड तसंच. शेडमध्ये जाणाऱ्या साऱ्याच म्हाताऱ्या माणसांची तोंडं एकाच साच्यातून काढल्यासारखी गोल होत चालली होती.

तिनं फोनवर कस्तुरेबाईंना हे सांगितलं.

"मला ती पुडी हवी," त्या म्हणाल्या. "कशीही करून मिळवा. आणि तुमच्या मैत्रिणीला माझ्याकडं आणा. लवकर."

पुडी बानाबाईच्या सुनेनं आणून दिली; बानाबाई मात्र दवाखान्यात यायला तयार होईना. पुडी तपासायला गेली आणि अहवाल यायच्या आतच नोव्हेंबरातल्या एका सकाळी बानाबाई अंगणात शेळीचं दावं सोडायला वाकली. कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. ती नुसती एका पायावर वळली आणि बसकण मारल्यासारखी खाली गेली. खुबा मोडला होता.

शेंद्र्याच्या कारखान्यातून तिचा मुलगा त्रिंबक दवाखान्यात धावत आला, तेव्हा मनकर्णाबाई बाकावर बसलेली होती. तोही तिचाच विद्यार्थी. तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं खाली मान घातली.

कस्तुरेबाई बाहेर आल्या. हातात नुकताच आलेला पुडीचा अहवाल होता.

"खुब्याचं ऑपरेशन उद्या सकाळी करू. त्या होतील उभ्या, पण वेळ लागेल. आता हे ऐका. पुडीत शेणीची राख आहे आणि त्यात दोन गोळ्या कुटून घातल्यात. एक दुखणं मारणारी. दुसरी स्टेरॉईड."

"म्हणजे औषधच ना, मॅडम?" त्रिंबकनं विचारलं.

"औषधच. दम्याला, सांध्यांच्या काही आजारांना आम्हीही देतो. पण मोजून, नजर ठेवून. अंगात तरतरी येते, भूक लागते, दुखणं पळतं. माणसाला वाटतं, चमत्कार झाला. आणि त्याच वेळी ते औषध हाडं पोखरतं. तुमच्या आईची हाडं आधीच विरळ होती. त्यांना हाड भरायचं औषध बंद करायला लावलं आणि हाड खाणारं औषध दिवसातून दोनदा चारलं."

त्रिंबक उठला. "मी त्याचे हातपाय मोडतो."

"आणि मग ते मोडलेले हातपाय कुणी भरून द्यायचे?" मनकर्णाबाई कडाडली. "बस खाली. तू तुरुंगात जाशील आणि तो देव होईल. आपण तक्रार करू. जादूटोणाविरोधी कायदा होऊन पाच वर्षं झाली, तो काय भिंतीला चिकटवायला आहे?"

तक्रार झाली. पुढच्या गुरुवारी पोलीस येऊन शेडबाहेर उभे राहिले. मनकर्णाबाईनं त्यांच्याकडून अर्धा तास मागून घेतला होता. "नुसता उचलून न्याल तर लोक म्हणतील, देवमाणसाला छळलं. आधी त्यांना दिसू द्या."

त्रिंबकला सोबत घेऊन ती सरळ चौरंगापर्यंत गेली आणि महाराजांसमोर बसली.

"माझंही हाड मोडलेलं आहे. बघा, पोकळ आहे का."

महाराज खुलले. "या बाई, या! लई शिकल्याली मान्सं शेवटी हितंच येत्यात." हाड तरंगतच होतं. "पोकळ! पार पोकळ! पन भरू आपुन." तळवा चामड्याकडं सरकला.

"थांबा. हात न लावता भरा."

"आँ?"

"मंत्र तोंडानं म्हणता ना? मग हात कशाला? हात मांडीवर ठेवा आणि म्हणा मंत्र. नाहीतर ते चामडं सोडा आणि उघड्या बरणीत हाड बुडवून दाखवा."

"चामडं सोडलं का शक्ती उडून जाती!" महाराजांनी आवाज चढवला. "या बाईच्या पोटात पाप हाय! हिच्यापायी तुमची सगळ्यांची हाडं पुन्हा पोकळ व्हतील!"

गर्दीत खळबळ माजली. "उठवा तिला!" कुणीतरी ओरडलं. एक हात तिच्या खांद्यावरही पडला. त्रिंबकनं तो बाजूला केला. मनकर्णाबाईनं पिशवीतून आपली बाटली काढली आणि शेजारच्या आवडाबाईच्या हातात दिली.

"आवडाबाई, दाबा."

म्हातारीनं घाबरत दाबली. टोपण बुडालं.

"सोडा." टोपण वर आलं.

"कुठला मंत्र म्हणालात?"

"म्या कशाचा मंत्र म्हन्ते माय," आवडाबाई बाटलीकडं डोळे फाडून पाहत म्हणाली. "म्या तर नुसती दाबली." तिनं पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग महाराजांकडं पाहता पाहता तिचं तोंड लाल होत गेलं. "आन् तू मला म्हनलास शंका आली म्हनून? पाच गुरुवार मी सोताच्या मनाला शिव्या घातल्या की रे, मुडद्या!"

मागून कुणीतरी खो खो हसलं. बाटली हातोहात फिरू लागली. तेवढ्यात त्रिंबकनं दोरी तोडून चामडं ओढून काढलं. "म्हना मंतर," तो म्हणाला. महाराज घुमले. हाड आपलं निवांत तरंगत राहिलं. ते पुन्हा घुमले, आणि तिसऱ्यांदा घुमताना त्यांचा आवाज चिरकला. त्रिंबकनं पाण्यात हात घालून हाड बाहेर काढलं आणि उलटं करून दाखवलं. एक तोंड उघडं, दुसरं मेणानं बुजवलेलं.

"पन दुखनं थांबलं त्याचं काय?" एक पागोटेवाला म्हातारा उठला. आवाजात राग होता आणि रडूही. "माझी कंबर थांबली ना!"

हाच सवाल मनकर्णाबाईला चार महिने खात होता. आता तिच्या हातात अहवाल होता. तो तिनं मोठ्यानं वाचला. मग ती म्हणाली, "दादा, तुमची कंबर थांबली, कारण यानं तुम्हाला चोरून औषध चारलं. तेही चुकीचं. आतून हाड खाणारं. तुमची तोंडं गोल झालीत ना, ती तब्येत नाही. बानाचंही तोंड असंच झालं होतं. आज ती खुबा मोडून दवाखान्यात पडलीय, आणि तिला कुणी धक्कासुद्धा लावला नव्हता. आता नीट ऐका. रागाच्या भरात आजपासून पुड्या फेकून देऊ नका. हे औषध एकदम तोडलं तर जिवावर बेततं. पुड्या घेऊन उद्याच सरकारी दवाखान्यात जा, दाखवा, आणि डॉक्टर सांगतील तशा कमी करा."

इतका वेळ चेल्यासोबत मागच्या पडद्याकडं सरकत असलेला महाराज तिथं पोलिसांच्या हातात सापडला. पडद्यामागं कुटायचा खल होता, राखेचं पोतं होतं आणि गोळ्यांचे रिकामे डबे. अस्थीनाथ हे नावही खोटंच निघालं. आधीच्या तालुक्यात तो मूळव्याधीचा मांत्रिक होता.

सगळं गाव लगेच शहाणं झालं, असं कुणी समजू नये. महिनाभर दोन-चार घरांनी मनकर्णाबाईशी बोलणं टाकलं. "बाईनं आमचा देव पळवला," असं एकीनं तिला नळावर ऐकवलं. तो माणूस पुढं जामिनावर सुटला, खटला चालू राहिला. असल्या माणसाला दुसरं गाव आणि दुसरी बरणी मिळायला उशीर लागत नाही. म्हणून तर ही हकीगत सांगायची.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं हाड जर उभ्या उभ्या पडून, नुसतं वाकून, पाटी उचलून मोडत असेल, तर प्लास्टर निघालं म्हणून इलाज संपत नाही. तो तिथून सुरू होतो. त्यात चमत्कार नसतो. तपासणी असते, वर्षानुवर्षं चालणारं कंटाळवाणं औषध असतं, रोजचं चालणं असतं, न्हाणीघरात धरायला लावलेली एक दांडी असते. एका गुरुवारात काहीच भरत नाही. जो भरून देतो म्हणतो, त्याचा तळवा कुठं आहे ते आधी बघावं.

बानाबाई हिवाळा सरता सरता उभी राहिली. आधी वॉकर, मग काठी. डॉक्टरांनी पुड्यांचं औषध हळूहळू उतरवलं, मग तिला सलाईनमधून ते राहिलेलं औषध दिलं. पूर्वीसारखी रानं तुडवणं पुन्हा तिच्या नशिबी आलं नाही. तपासणीला जाताना सोबत मनकर्णाबाई असायची. झाल्या गोष्टीचं दोघी बोलत नव्हत्या.

एकदा दवाखान्याच्या बाकावर वैजापूरकडची एक म्हातारी त्यांच्याजवळ बसली. हात गळ्यात बांधलेला. तिनं हळूच विचारलं, "आमच्याकडं एक जन पाला देतो म्हन्त्यात. दोन दिवसात दुखनं थांबतं. खरं आसंल का व माय?"

मनकर्णाबाई उत्तर द्यायला वळली, पण बानाबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवून तिला थांबवलं.

"थांबत आसंल," बानाबाई म्हणाली. "महं बी थांबलं व्हतं. दुखनं थांबलं म्हंजी बरं झालं आसं नसतं, बाई. त्येला इचार, पाल्यात काय काय घातलंय. सांगितलं तर इथं डाक्टरीनबाईला दाखव. नाय सांगितलं, तर त्येच्या हातचं पानी बी पिऊ नको."